कोकणातलं गाव जलरंगात: स्पॉटवर बसून चित्र काढायला शिकताना

कोकणात उघड्यावर बसून जलरंगात काम करायचं तर आधी हवा ओळखावी लागते, रंगांचं नंतर. जानेवारीत सकाळी साडेसातला गुहागरला किंवा वेंगुर्ल्याला आकाशाचा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर) टाकला तर कागद पंधरा-वीस मिनिटं ओला राहतो. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा मंद असतो, हवेत दमटपणा भरलेला असतो. त्याच जागी अकरानंतर खारे वारे सुटले आणि ऊन चढलं की ब्रश पाण्यात बुडवून परत आणेपर्यंत वॉशची कड सुकलेली असते. सकाळी घाई केल्यामुळे रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो आणि उशीर झाला की जागोजागी नको त्या कडा उमटतात. दोन्ही चुकांचं मूळ एकच: कागद आत्ता किती ओला आहे हे न बघता पुढचा रंग टाकणं. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीभोवती लावला आहे.

महिना आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकायला सर्वांत चांगला काळ. सकाळी सात ते दहा काम करावं. मार्च ते मे नऊपर्यंतच बसता येतं, त्यानंतर पांढऱ्या कागदावरचं ऊन डोळ्यांना सोसत नाही. पावसाळ्यात पडवीत बसून काम होतं, पण एका वॉशला तास तास लागतो. नवख्याने तो हंगाम पेन्सिलच्या रेखाटनांना द्यावा. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली (विणलेल्या झावळ्यांखाली) झाकून ठेवलेल्या असतात. होडीचा आकार शांतपणे अभ्यासायला याहून चांगली संधी मिळत नाही.

सामान

कागदावर पैसे वाचवू नका, बाकी कशावरही वाचवा. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत कागद घ्या. पूर्ण ताव 22 बाय 30 इंचांचा असतो. त्याचे चार भाग केले की 11 बाय 15 चा तुकडा मिळतो आणि आठ केले की साडेसात बाय अकराचा. पहिली काही चित्रं आठव्या भागावरच करा, कारण मोठ्या कागदावर आकाश संपेपर्यंत पहिली कड सुकते.

दमट हवेत कागदाचा एक रोग ठरलेला आहे. रंग लगेच आत शोषला जाऊ नये म्हणून कारखान्यात कागदाला जे सायझिंग दिलेलं असतं ते एकदोन पावसाळे उघड्यावर राहिलेल्या कागदात मरतं. मग रंग टिपकागदावर पडावा तसा आत शिरतो, ठिपके उमटतात आणि ते निघत नाहीत. ताव आणल्याबरोबर कापून झिपच्या जाड पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. बाहेर जाताना त्या दिवसाचे दोन तुकडेच न्या.

रंग आठ पुरे: अल्ट्रामरीन ब्लू, कोबाल्ट ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, क्रिमसन आणि एक सॅप ग्रीन. काळा नको. पांढरा असेल तर पिशवीच्या तळाशी राहू द्या. ट्यूबमधून वाटाण्याएवढा रंग आदल्या रात्री पॅलेटमध्ये काढून ठेवा, सकाळी दोन थेंब पाणी टाकून मऊ करा.

ब्रश तीन: गोल 12 नंबर, गोल 6 नंबर आणि माडाच्या झावळ्यांसाठी, डोलकाठ्यांसाठी, विजेच्या तारांसाठी एक रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश. बोर्डला कागद चारही बाजूंनी चिमट्यांनी लावा. दमट सकाळी मास्किंग टेप सुटते, आणि उन्हात तापली की काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येते. याखेरीज 2बी पेन्सिल, मऊ खोडरबर, जुन्या सुती धोतराचा तुकडा, पाण्याची छोटी स्प्रे बाटली, घडीचं स्टूल आणि काळी छत्री घ्या. रंगीत छत्रीचा रंग कागदावर पडतो. निळ्या ताडपत्रीखाली बसलात तर सगळ्या छटा चुकीच्या दिसतात. म्हणूनच भडक शर्ट आणि काळा चष्माही घालू नका. टोपी पुढे लांब झाप असलेली हवी.

पाणी एक लिटर, तेही गोडं. जवळ आहे म्हणून समुद्राचं किंवा खाडीचं पाणी घेतलं तर मिठाचे कण कागदावर राहतात, वाळताना पांढरट चट्टे पडतात, आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवत असल्याने चित्र नीट कोरडं होतच नाही. विहिरीचं पाणी चालतं. दोन डबे ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरा रंग मिसळायला.

जागा निवडणं

कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी समुद्राकडे बघून बसलात तर सूर्य तुमच्या पाठीशी असतो, समोरचं सगळं सपाट उजेडात येतं आणि आकार उठत नाहीत. संध्याकाळी त्याच दिशेला डोळे दिपतात. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाचा तट सकाळी उजळलेला दिसतो आणि दुपारनंतर तोच नुसती काळपट पट्टी होतो. नवख्याने उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून बसावं, म्हणजे ऊन बाजूने येतं. गुहागर, दिवेआगर, श्रीवर्धन यांसारख्या गावांत किनाऱ्याला समांतर जाणारे रस्ते असतात. अशा रस्त्याच्या कडेला सकाळी आठला बसलात की पश्चिमेची घरं उन्हात, पूर्वेची सावलीत, आणि पूर्वेच्या माडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या. सुरुवातीला याहून सोपा आणि सुंदर विषय शोधण्याची गरज नाही.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी उभं राहिलं की खाली वाड्या, खाडी, समुद्र आणि सुवर्णदुर्ग एकदम दिसतात. ते दृश्य मोहात पाडतं, पण पहिल्या चित्रासाठी ते नको. त्यात हिरव्याच्या इतक्या छटा आहेत की नवखा त्यात हरवतो. पहिला विषय छोटा घ्या: एक कौलारू घर, समोर जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण), मागे दोन-तीन माड, बाजूने खाली उतरणारी पाखाडी (दगडी वाट).

बसण्याची जागा आदल्या संध्याकाळी हेरून ठेवा. तीन गोष्टी बघा. डोक्यावर माड नको, नारळ किंवा वाळकी झावळ पडली तर जीवावर बेतू शकतं. आंब्याखाली बसणार असाल तर फांद्यांवर हुमल्यांची (चावऱ्या लाल मुंग्यांची) घरटी आहेत का ते पाहा. आणि कोणाच्या खळ्यात, वाडीत बसणार असाल तर आधी विचारा: “काकी, इथं कोपऱ्यात बसून तुमच्या घराचं चित्र काढलं तर चालेल ना? दोनेक तास लागतील.” नाही म्हणणारं माणूस क्वचितच भेटतं. पाणी आणि आमसुलाचं सरबत बहुधा न मागता येतं. देवळाच्या आवारात काम करायचं असेल तर गुरवाला विचारा. हर्णैसारख्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना टोपल्यांच्या वाटेत स्टूल मांडू नका. कामाची माणसं तुमच्यासाठी वळसा घालणार नाहीत, आणि घालूही नये.

भरतीचं गणित

खाडी किंवा बंदर काढायचं असेल तर किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला हिशेब शिकून घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, चित्रासाठी तेवढं चालतं.

याचा उपयोग असा. होड्या पाण्यावर सरळ तरंगताना हव्या असतील तर दशमी ते द्वादशीची सकाळ निवडा, कारण पूर्ण भरतीच्या आसपास पाण्याची पातळी सर्वांत कमी बदलते. चिखलाचे काठ आणि कुशीवर कललेल्या होड्या हव्या असतील तर तृतीया-चतुर्थी. तेव्हा साडेआठ ते सव्वानऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. अष्टमीला सहाला पूर्ण भरती असते आणि तुम्ही रंगवत असताना पाणी सतत मागे सरतं. सात वाजता काढलेली होडी नऊला दुसऱ्याच कोनात पडलेली दिसते. नांगरलेली होडी तर वाऱ्याबरोबर आणि प्रवाहाबरोबर तोंडही फिरवते. म्हणून होड्या पहिल्या दहा मिनिटांत काढून टाकायच्या, नाहीतर पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) ओढलेल्या निवडायच्या.

रेखाटन: क्षितिजरेषा आधी

प्रथम पोस्टाच्या तिकिटाहून थोडं मोठं, साधारण दोन बाय तीन इंचांचं कच्चं रेखाटन करा. त्यात तीनच टोन: कागदाचा पांढरा, मधला, गडद. पाच मिनिटांत ते जमलं नाही तर विषय बदला. तिकिटात जे दिसत नाही ते मोठ्या कागदावरही उभं राहणार नाही.

मग मोठ्या कागदावर सर्वांत आधी डोळ्यांच्या पातळीची रेघ. किनाऱ्यावर ती फुकट मिळते. समुद्राची क्षितिजरेषा म्हणजेच तुमच्या डोळ्यांची पातळी, तुम्ही कुठेही बसा. टेकडीवर चढलात तर ती तुमच्याबरोबर वर येते, पुळणीवर बसलात तर खाली उतरते. गल्लीत समुद्र दिसत नसेल तर पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरून ती कुठल्या खिडकीवरून जाते ते बघा.

या एका रेघेवर निम्मं चित्र टेकलेलं असतं. तिच्या वरच्या रेघा, म्हणजे पन्हळ, कौलांची कड, आढं, दूर जाताना खाली उतरतात. तिच्या खालच्या, म्हणजे जोतं, गडगा, रस्त्याची कड, वर चढतात. तुम्ही उभे असाल तर सपाट पुळणीवरच्या तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, याच रेघेवर येतात. फक्त पाय वरखाली होतात. बसून काढत असाल तर ही रेघ सगळ्यांना छातीपाशी कापते. नवख्यांच्या चित्रात माणसं हवेत तरंगतात किंवा बुटकी दिसतात ती हे न पाळल्यामुळे.

उतरत्या पाखाडीचा घोटाळा वेगळा. पाखाडीच्या दोन कडा क्षितिजाच्या खाली एकत्र येतात, पण तिच्या शेजारच्या घरांची जोती आणि पन्हळी सपाटच बांधलेली असल्याने त्यांच्या रेघा क्षितिजावरच जातात. दोन्ही एकाच बिंदूला नेल्या की पाखाडी सपाट होते.

छपराचा उतार मोजूनच काढा. कोकणातली छपरं पावसासाठी तीव्र उताराची आणि खूप खाली आलेली असतात, भिंत जेमतेम दिसते. आपण सवयीने भिंत उंच काढतो आणि घर घाटावरचं होतं. होडीसाठी आधी आडवा, लांबट 8 हलक्या हाताने काढा. त्याच्या बाहेरच्या वळणांतून काठाच्या दोन्ही कडा मिळतात, मग नाळ (पुढचं टोक) आणि तळ जोडा.

रेखाटनाला वीस मिनिटं. शेवटचं काम: सावल्यांच्या कडा पेन्सिलने आखून घ्या आणि कोपऱ्यात वेळ लिहा. पुढच्या दोन तासांत सावल्या सरकतील, तुम्ही मात्र आखलेल्याच रंगवायच्या. एक सावली साडेसातची आणि दुसरी साडेनऊची झाली की पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं.

रंगवण्याचा क्रम

पहिला वॉश आकाशापासून. बोर्डला मागून एखादा नारळ किंवा दगड लावून पंधरा अंशांचा उतार द्या. रंग आधी पुरेसा कालवा. आठव्या भागाच्या आकाशाला दोन चमचे पाण्याचं मिश्रण सहज लागतं, आणि मध्येच संपलं तर तिथे पट्टा उमटतो. कोकणातलं सकाळचं आकाश क्षितिजाजवळ निळं नसतं. दमट हवेमुळे तिथे दुधट, किंचित पिवळसर असतं. म्हणून वर कोबाल्ट, खाली येताना नुसतं पाणी आणि यलो ऑकरचा स्पर्श. हाच वॉश घराच्या पांढऱ्या भिंती सोडून छपरावरून, झाडांवरून, थेट रस्त्यापर्यंत उतरवा. खालच्या भागात ऑकरमध्ये थोडं लाइट रेड घाला. यामुळे नंतरचे सगळे रंग एकाच उजेडात असल्यासारखे दिसतात.

आता थांबायचं, आणि कागद वाचायचा. तिरक्या नजरेने बघा. पाणी चकाकत असेल तर अजून काही टाकू नका. चकाकी जाऊन मंद ओल राहिली की लांबचे डोंगर आणि सुरूचं बन टाकायची वेळ: कोबाल्टमध्ये लाइट रेडचा कण, ब्रश जवळजवळ निथळलेला. कडा आपोआप मऊ होतात. याच वेळी ब्रशमध्ये पाणी जास्त राहिलं तर ते आधीच्या रंगाला ढकलत जातं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. तो पुसायचा प्रयत्न केला की दुप्पट होतो, वाळू द्या. कागद कोरडा दिसतोय असं वाटलं तर बोटांची मागची बाजू टेकवा. गार लागला तर आत ओल आहे. कोकणात सकाळी ही फसवी अवस्था फार वेळ टिकते आणि बहुतेक चित्रं इथेच बिघडतात. तोवर पॅलेटवर कौलांचा रंग कालवा, किंवा कागद पाच मिनिटं कोवळ्या उन्हात धरा.

पूर्ण वाळल्यावर मोठे आकार. कौलं कधीच एका रंगाची नसतात. नवीन मंगळुरी कौल नारिंगी, दोन-चार पावसाळे खाल्लेलं तपकिरी, झाडाखालचं शेवाळाने काळपट. छपरावर आधी बर्न्ट सिएना, तो ओला असतानाच आढ्याकडे लाइट रेड आणि पन्हळीकडे अल्ट्रामरीनचा थेंब सोडा, कागदावरच मिसळू द्या. कौलांच्या ओळी सगळ्या काढू नका. उन्हातल्या भागात चार-पाच तुटक रेघा पुरतात. जांभ्यासाठीही हेच, फक्त गडगा जुना असेल तर लालीपेक्षा करड्या रंगाचं प्रमाण जास्त ठेवा. ताजा चिरा सोडला तर जांभा नवख्यांना वाटतो तितका लाल नसतो.

सावली

चित्राचा प्राण इथे आहे, म्हणून ती एकाच दमात टाकायची. पडवीच्या आतला काळोख, भिंतीवरची पन्हळीची सावली, गडग्याची सावली, रस्त्यावरचे माडांचे पट्टे हे सगळं मोठ्या ब्रशने सलग जोडत न्या. मिश्रण अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, निळ्याकडे झुकलेलं, ट्यूबमधला रंग भरपूर. लाल मातीच्या अंगणावरचं ऊन भिंतीच्या सावलीत परत उसळतं, तेव्हा सावली ओली असतानाच तिथे ऑकरचा थेंब सोडा. चुन्याची भिंत उजळते ती याच थेंबाने; नुसती निळी सावली मेलेली दिसते.

नवखे सावली फिकी ठेवतात, कारण जलरंगात गडद येत नाही असा समज आहे. 1882 साली सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र जलरंगातलंच आहे, आणि त्यातला अंधार पाहिला की हा समज उरत नाही. जलरंग वाळल्यावर बराच फिका होतो, हे धरून ओला असताना गरजेपेक्षा गडद टाका. सावलीवर दुसरा थर देण्याची वेळ आली तर पारदर्शकपणा गेलाच समजा.

हिरवा

नुसता सॅप ग्रीन वापरलेली वाडी प्लास्टिकची दिसते. उन्हातल्या झावळीला लेमन यलो आणि अगदी थोडं अल्ट्रामरीन. पोफळीच्या (सुपारीच्या) आतल्या गर्द भागाला सॅप ग्रीन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. हापूसच्या कलमाला तेच मिश्रण, पण आकार गोल आणि भरीव. सुरूला करडा हिरवा, कडा विस्कटलेल्या.

माड काढताना खोड आधी: बुंध्याशी फुगीर, मग किंचित वाकत वर. पोफळ मात्र सरळ आणि सडपातळ. दोघांत फरक केला नाही तर वाडी ओळखू येत नाही. झावळ्या मध्यापासून बाहेर, प्रत्येकी एका फटकाऱ्यात, वरच्या उभ्या, मधल्या आडव्या, खालच्या लोंबत्या आणि तपकिरी. एखाददुसरी तुमच्याकडे येणारी, आखूड. पात्या मोजून काढल्या की पंखा होतो. मध्ये मध्ये आकाशाची भोकं सोडा.

थांबणं आणि आवरणं

तारा, डोलकाठ्या, दोन-तीन माणसं, एखादं वाळत घातलेलं लुगडं यांना शेवटची दहा मिनिटं. दहाच्या सुमारास वारा फिरला की हात आखडता घ्या. उन्हात बसला असाल तर कागदावरचा प्रकाश इतका असतो की रंग फिके वाटतात, आणि घरी आल्यावर चित्र काळं निघतं. म्हणून शेवटचा निर्णय चित्र सावलीत नेऊन, दहा पावलं लांबून पाहूनच घ्या.

पॅलेट ओलं बंद करू नका. कोकणात दोन दिवसांत त्यावर बुरशी येते. सावलीत उघडं ठेवून सुकवा, नुसत्या फडक्याने पुसा. ब्रश टोकं खाली करून, टांगून सुकवले तर मुठीत पाणी शिरत नाही. चित्र पूर्ण कोरडं होईपर्यंत प्लास्टिकमध्ये घालू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये चिमट्यांनी धरून आणा.

मागच्या बाजूला पेन्सिलने जागा, तारीख, वेळ आणि तिथी लिहा. चित्र अपुरं राहिलं आणि त्यात पाणी नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बसा, ऊन जवळजवळ तेच मिळेल. पाणी असेल तर दुसऱ्या दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकलेली असते. तेव्हा पंधरा दिवसांनी तीच तिथी दुसऱ्या पक्षात येईल त्या सकाळी जा. भरतीची वेळ जुळलेली असेल, आणि सावल्या थोड्याच हललेल्या असतील.